गुळणीला किती मायनस?

रविवारी दुपारी दोनच्या ठोक्याला उस्तादाच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली यायचं. अर्धं म्हणजे बरोब्बर कमरेइतकं. गिऱ्हाइकाला वाकून आत यावंसं वाटू नये, पण बेकरीवाल्याला पावांची पिशवी घेऊन वाकता यावं, असा तो बेत होता. आत चार खुर्च्या, एक टीव्ही आणि भिंतीवर काळा रंग दिलेला एक मोठा पत्रा. टीव्हीवर मोटरसायकलींची शर्यत लागायची. पण खरं सांगू का? शर्यत कोण जिंकतं याच्यापेक्षा काकणभर जास्तच काळजी या चौघांना दुसऱ्या एका गोष्टीची असायची. ती शर्यत सांगणारे लोक काय काय बरळतात, याची.

त्या पत्र्यावर शर्यतीचं समालोचन करणाऱ्यांची नावं होती आणि नावांपुढे खडूने मायनस. नियम पक्के होते. डोळ्यांना दिसतंय तेच पुन्हा सांगितलं, एक मायनस. स्वाराचं नाव चुकवलं, एक मायनस. सुरुवातीचे दिवे विझताना तोंड बंद ठेवलं नाही, दोन मायनस. इंजिनाच्या आवाजावर बडबड केली, तर तीन मायनस आणि वर पेंटरच्या शिव्या फुकट. प्लसचा रकानाच नव्हता. अकरा वर्षांत कुणाला प्लस द्यावा असं घडलंच नव्हतं, मग रकाना कशाला आखायचा?

उस्ताद म्हणजे गॅरेजचा मालक. अठ्ठावन्न वर्षांचा, एकटा जीव, हात कायम काळे आणि कान असे, की गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की हा आत बसून सांगणार, हिचा टॅपेट सैल आहे. पेंटर पेट्रोलच्या टाक्यांवर पट्टे आणि नंबरपाट्यांवर आकडे रंगवायचा. हात लोण्यासारखा, डोकं मात्र कायम तापलेलं. तिसऱ्या बाई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात स्टॉपवॉच. टीव्हीवर आकडा यायच्या आधी दोन गाड्यांमधलं अंतर सांगायच्या आणि टीव्हीचा आकडा वेगळा आला तर टीव्ही चुकला म्हणायच्या. चौथा बेकरीवाला. पहाटे तीनपासून भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, त्यामुळे मधल्या लॅपना, म्हणजे फेऱ्यांना, खुर्चीतच घोरायचा आणि शेवटच्या पाचाला कुणी न उठवता जागा व्हायचा. कसा, ते देव जाणे.

मुख्य समालोचकाचं नाव यांनी ठेवलं होतं भोंगा. त्याच्या शेजारी बसणारा एके काळचा स्वार होता. त्याचं प्रत्येक वाक्य 'आमच्या वेळी' असं सुरू व्हायचं, म्हणून तो आमच्यावेळी. आणि खाली पिट लेनमध्ये, म्हणजे सगळ्या संघांची गॅरेजं असतात त्या गल्लीत, माईक घेऊन फिरायचा तो कसंवाटतंय. एकदा एक स्वार हाड मोडून स्ट्रेचरवर कण्हत होता, तर या पठ्ठ्याने त्याच्या तोंडापुढे माईक धरून विचारलं, "कसं वाटतंय?" त्या दिवशी पेंटरने रागाच्या भरात खडूच चेचला होता.

तर हा कसंवाटतंय या मोसमात गेला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून चौघांनी चहाबरोबर केक खाल्ला. त्याच्या जागी एक मुलगी आली. डोक्यावर टोपी, कानांवर हे एवढे हेडफोन, अंगात आगीला न जुमानणारा जाडजूड पोशाख. चेहरा म्हणून दिसायचं ते नाक. आणि पहिल्याच शर्यतीत भोंगा म्हणाला, "चला, खाली पिट लेनमध्ये काय चाललंय बघू," आणि ही बया गप्प! एक सेकंद, दोन, पाच, आठ. मागे इंजिनांचा घणघणाट आणि ही माईक धरून उभी. मग म्हणते कशी, "सात नंबर कोरड्या रस्त्याचे टायर काढतोय. पाऊस येईल असं त्याला वाटतंय." बस्स. संपलं.

"हिने तोंडात गुळणी धरलीय का?" पेंटर ओरडला. झालं, त्या क्षणापासून ती गुळणी. नुसतं गप्प राहण्याबद्दल पहिल्या शर्यतीत चार मायनस, दुसरीत तीन. एकूण सात. कसंवाटतंयने सुद्धा दोन शर्यतींत एवढी मजल मारली नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. ही गुळणी उस्तादाची सख्खी भाची होती.

हे गॅरेजमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. भाची आहे, दूर असते, आवाजाबिवाजाचं काही काम करते, एवढं ऐकून होते. उस्तादाची धाकटी बहीण पूर्वी दोन गल्ल्या सोडून राहायची. पोरगी शाळा सुटली की थेट गॅरेजमध्ये. ऑइलच्या उपड्या डब्यावर बसायची. मामा गाडी सुरू करायचा आणि विचारायचा, "काय म्हणतेय?" ती कान देऊन ऐकायची आणि सांगायची, "मामा, हिचा घसा बसलाय." मग कार्बोरेटर उघडला की खरंच कचरा निघायचा. मध्येच तिने तोंड उघडलं, तर मामा पान्हा हातोडीसारखा टेबलावर आपटायचा. गाडी बोलत असेल तेव्हा आपण बोलायचं नाही, हा त्याच्या गॅरेजचा पहिला नियम. चौदाव्या वर्षी ती आईबरोबर दुसऱ्या शहरात गेली. ही चौकडी जमली ती त्यानंतर.

तीन महिन्यांपूर्वी तिचा फोन आला होता. "मामा, मला घेतलंय! तीन शर्यती बघणार, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. पण तुझ्या त्या पत्रेवाल्यांना सांगायचं नाही हं! तुझी भाची म्हणून माझे मायनस खोडतील. मला नकोत असले मार्क." उस्तादाने शब्द दिला. आणि दोन रविवार तो स्वतःच्या हाताने, हो, खडू त्याच्याकडेच असायचा, भाचीपुढे मायनस ओढत बसला. संध्याकाळी तिचा फोन यायचा, "कसं झालं?" तो म्हणायचा, "झकास." आणि ठेवल्यावर बराच वेळ त्या पत्र्याकडे बघत राहायचा.

हेही एक वेळ सोसलं असतं. पण वाहिनीने पडद्यावर पट्टी चालवली की, नव्या वार्ताहराबद्दल प्रेक्षकांनी तिसऱ्या शर्यतीच्या संध्याकाळपर्यंत मत कळवावं. आणि या चौघांच्या मताला तिथे किंमत होती. अकरा वर्षं हे लोक वाहिनीला पत्र लिहीत आले होते. एकदा तर भोंग्याने पत्र पडद्यावर वाचून दाखवलं होतं आणि म्हणाला होता, "आमच्या गॅरेजवाल्या कडक मास्तरांना नमस्कार!" त्या नमस्काराबद्दलही पेंटरने त्याला मायनस दिला, कारण मागे गाडी चालली होती. या वेळचं पत्र बाईंनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात आधीच लिहून ठेवलं होतं. शेवटची ओळ होती, 'नव्या वार्ताहराने एकतर तोंड उघडायला शिकावं, नाहीतर माईक दुसऱ्याच्या हाती द्यावा.' खाली तीन सह्या झाल्या होत्या. नियम असा, की चारही सह्या असल्याशिवाय पत्र जात नाही.

"उस्ताद, करा सही," पेंटर म्हणाला. तिसऱ्या शर्यतीचा रविवार, दोन वाजून दहा मिनिटं.

"तिसरी शर्यत तर होऊ दे."

"गेल्या वेळी म्हणालात दुसरी होऊ दे. तुमचं पेन सुकलंय का?"

"अरे, फाशीच्या कैद्यालासुद्धा शेवटची इच्छा विचारतात," उस्ताद हसून म्हणाला खरा, पण पेन खिशातून काढलं नाही. सही करावी तर पोरीचं नशीब आपल्याच हाताने पुसायचं. नाही करावी तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं नाही असा शब्द दिलेला. शिवाय एक जुना नियम होता. ओळखीपाळखीच्या माणसाला कुणी मार्क द्यायचे नाहीत. पेंटरने एकदा ज्याची टाकी रंगवली होती त्या पाहुण्या समालोचकाची बाजू घेतली, तर उस्तादानेच त्याला तीन रविवार शटरबाहेर ठेवलं होतं. आता बोला!

दिवे विझले. बावीस गाड्या एका दमात सुटल्या. भोंगा दिव्यांवर बोललाच. "दोन!" पेंटर ओरडला आणि उस्तादाने दोन रेघा ओढल्या.

शर्यत अशी रंगली की विचारू नका. चौतीस नंबर पहिल्या वळणालाच पुढे घुसला. त्याच्या मागे नऊ नंबर, सावलीसारखा. पाचव्या लॅपला नऊने आतून शिरायचा प्रयत्न केला, दोघांचे कोपर घासले आणि बाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. "अगं बाई गं! पडला, पडला... नाही पडला!" आमच्यावेळी म्हणाला, आमच्या वेळी असं कोपर लागलं की स्वार एकमेकांना रात्रीचं जेवण द्यायचे. मायनस. दहाव्या लॅपपर्यंत चौतीसने दोन सेकंदांची आघाडी घेतली. बेकरीवाला घोरायला लागला.

आणि गुळणी? एकदा बोलली, चार शब्द. बाकी गप्प. भोंग्याने बाराव्या लॅपला हाक मारली, "काय गं, खाली सगळं ठीक?" तर तिने "ऐकतेय" एवढंच म्हटलं.

"ऐकतेय!" पेंटरने कपाळावर हात मारला. "ही ऐकायला गेलीय तिथे! ऐकायला आम्ही बसलोय ना! घाला मायनस."

उस्तादाने रेघ ओढली. आठ.

पंधराव्या लॅपला पडद्यावर चौतीसच्या गाडीवर बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र आलं. हात, हँडल, समोरून धावत येणारा रस्ता. भोंगा नेमका श्वास घेत होता. तेवढ्या फटीत गाडी वळणावर आली, स्वाराने वेग सोडला आणि उस्तादाच्या मानेवरचे केस उभे राहिले.

टक.

इतका बारीक आवाज, की कपात चमचा लागावा. पेंटरला कळला नाही, बाईंना कळला नाही. पुढच्या वळणावर पुन्हा. वेग धरला की नाहीसा, वेग सोडला की टक. चेन! चौतीसची चेन सैल पडत चालली होती. तो पुढे होता, दोन सेकंदांनी पुढे होता, आणि त्याच्या मागच्या चाकाशी एक भानगड शिजत होती. हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

पोरीला कळलं असेल का? कसं कळणार! ती उभी पिटच्या भिंतीशी, सरळ रस्त्यावर, तिथे गाड्या पूर्ण वेगात जातात. पूर्ण वेगात चेन ताणलेली, आवाज येणारच नाही. पण हे तिने सगळ्यांच्या आधी सांगितलं तर? आठ मायनस गेले खड्ड्यात! वाहिनी तिला डोक्यावर घेईल! आणि चेन तुटली तर त्या स्वाराचं काय व्हायचं, तेही होतंच. समोर टीव्हीवर भोंग्याचं दळण चालू होतं. म्हणजे तिचा माईक बंद असणार. उस्ताद हळूच उठला, "पाणी पिऊन येतो," म्हणाला, आणि टायरच्या ढिगाआड जाऊन त्याने फोन लावला.

दोनदा वाजला. तिने उचलला. तो तोंड उघडणार, एवढ्यात ती झटपट म्हणाली, "मामा, ऐकलंय मी. ठेव." आणि ठेवलाच.

उस्ताद चाटच पडला. ऐकलंय? कुठून ऐकलं? पण तिच्या आवाजात असा ठामपणा होता की त्याचं मन एकदम हलकं झालं. फोन खिशात टाकून, ओठ पुसत, साळसूदासारखा तो खुर्चीत येऊन बसला.

आता इथे एक गोष्ट हा शहाणा विसरला. तिकडे घडतं ते टीव्हीवर पंधरा सेकंद उशिरा पोचतं. अकरा वर्षं शर्यत बघणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही, पण भाचीच्या काळजीने डोकं फिरलेल्या मामाला कसलं भान! आणि दुसरी चूक त्याहून मोठी. पडद्यावर दुसरंच चित्र होतं म्हणून काय झालं? गुळणीचा माईक मगापासून चालूच होता. ती फक्त बोलत नव्हती.

टीव्हीतून आवाज आला. टर्र टर्र टर्र थुक. टर्र टर्र टर्र थुक.

तिघांनी एकदम कान टवकारले. कारण तो आवाज त्या गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखेल. उस्तादाच्या लाल टू-स्ट्रोक गाडीचा तो आवाज होता. दर तीन ठोक्यांनंतर एक उचकी. जगात दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही. जगाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या उस्तादाने ती उचकी कधी काढली नव्हती. पेंटरने कोपऱ्याकडे पाहिलं. लाल गाडी तिथेच होती, स्टँडवर, बंद. बाईंनी पाहिलं. बेकरीवाला झोपेतून उठून म्हणाला, "उस्ताद, गाडी का चालू केली?"

भोंगा टीव्हीवर हसत होता. "मंडळी, पिट लेनमध्ये ही म्हातारी टू-स्ट्रोक कुठून उगवली?"

पोरीने मामाच्या गाडीची उचकी फोनची रिंग करून ठेवली होती! आणि मग तिचा आवाज, लख्ख. "मामा, ऐकलंय मी. ठेव."

तीन माना एकाच वेळी उस्तादाकडे वळल्या. उस्तादाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"मामा?" पेंटर म्हणाला.

"मामा," उस्ताद म्हणाला.

"म्हणजे ही गुळणी..."

"भाची आहे माझी. सख्खी."

"आणि तुम्ही आमच्या नाकावर टिच्चून..." पेंटरचा चेहरा त्याच्या लाल रंगाच्या डब्यासारखा झाला. "मला तीन रविवार बाहेर ठेवलंत! मला! टाकी रंगवली म्हणून! खडू खाली ठेवा आधी!"

"अरे, तिनेच सांगितलं होतं, कळू देऊ नको म्हणून. आठ मायनस मी माझ्या हाताने घातले रे!"

"गप्प बसा दोघंही!" बाईंनी वर्गातला आवाज काढला. "ती बोलतेय. पहिल्यांदा बोलतेय, तर तुम्ही बोलताय!"

पडद्यावर आता तीच होती. पिटच्या भिंतीशी नव्हती ती! पार टोकाला, जिथे सरळ रस्ता संपून पहिलं वळण सुरू होतं, गाड्या ब्रेक मारून वेग सोडतात, तिथे कुंपणाला कान लावल्यासारखी उभी होती. म्हणून गप्प होती. म्हणून 'ऐकतेय' म्हणाली होती.

"फोनबद्दल माफी मागते," ती म्हणाली. "चौतीस नंबरची चेन सैल पडलीय. वेग सोडताना मागून टक असा आवाज येतोय. गेले पाच लॅप. आधी खात्री करून घेत होते."

पाच लॅप! मामापेक्षाही आधी!

"छे छे," आमच्यावेळी हसला. "आमच्या वेळी अशा गाड्या कधी दोन सेकंदांनी पुढे नसायच्या. पोरी, तो मजेत चाललाय."

"मग एक करा," ती म्हणाली. "दहा सेकंद कुणी बोलू नका. तो आता येईल. नुसतं ऐका."

आणि काय नवल सांगावं! भोंगा गप्प बसला. आमच्यावेळी गप्प बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या टीव्हीतल्या माणसांनी जाणूनबुजून तोंड मिटलं. बाईंचा अंगठा आपसूक स्टॉपवॉचवर गेला. एक, दोन, तीन. लांबून गुणगुण. चार, पाच. गुणगुणीची गर्जना झाली. सहा. चौतीस सरळ रस्त्यावरून सुसाट आला, वेग सोडला...

टक. टक-टक.

"अयाई!" बेकरीवाला उभाच राहिला. पेंटरचं तोंड उघडं ते उघडंच. दहा सेकंद झाले, बारा झाले, तरी कुणी बोलेना. मग भोंगा जवळजवळ कुजबुजत म्हणाला, "ऐकलं आम्ही." भोंगा आणि कुजबुज!

पाच लॅप उरले होते. चौतीसच्या संघाचे लोक धावत भिंतीवर आले आणि त्यांनी स्वाराला पाटी दाखवली, सांभाळून. त्याने मान हलवली. आता सुरू झाला खरा खेळ. चेन तुटू द्यायची नाही आणि जागाही सोडायची नाही! तो वेग हळूहळू सोडायला लागला, फुंकून पिणाऱ्या माणसासारखा.

"एक पूर्णांक सहा!" बाई ओरडल्या.

"अरे, वाचव तिला, वाचव!" पेंटर टीव्हीला सांगत होता. कुणाला वाचवायचं, स्वाराला, चेनला की आणखी कुणाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"शून्य पूर्णांक नऊ!"

शेवटचा लॅप. नऊ नंबर मागच्या चाकाला चिकटला. शेवटच्या वळणातून चौतीस बाहेर पडला, वेग धरला, आणि फटकन चेन उडाली. काळी वळवळती रेघ रस्त्याच्या कडेला जाऊन पडली. पण तो सावध होता! हँडल सरळ धरलं, गाडी डगमगली, सावरली. नऊ भर्रकन पुढे गेला. आणखी एक गेला. चौतीस नुसत्या उरलेल्या वेगावर, पायाने रस्त्याला रेटा देत, लहान पोरं सायकल रेटतात तसा रेघेपर्यंत आला आणि तिसरा आला. पडला नाही. हाडं शाबूत आणि तिसरा नंबरही पदरात! गॅरेजमध्ये चौघं एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते. पेंटरने उस्तादाला मिठी मारली, मग भांडण आठवून सोडली, मग पुन्हा मारली.

पडद्यावर गुळणी चौतीसच्या मेकॅनिकजवळ पोचली होती. त्याच्या हातात ती तुटकी चेन होती. कसंवाटतंय असता तर माईक त्याच्या दातांना लागला असता. ही त्याच्याशेजारी थांबली, त्याचा श्वास खाली बसू दिला आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला कधी कळलं?"

मेकॅनिक तिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तेव्हा."

उस्तादाने खडू पत्र्याच्या कडेवर ठेवला. "नियम तो नियम. मी नातेवाईक आहे. मार्क तुम्ही द्या. आणि तीन रविवार मी बाहेर."

"ते बघू नंतर," पेंटर घोगऱ्या आवाजात म्हणाला.

बाईंनी टेबलावरचं पत्र उचललं, पण त्या वाचत होत्या ते दुसरंच. वहीत त्यांनी अकरा वर्षांच्या पत्रांच्या नकला ठेवल्या होत्या. "हे ऐका. 'आमची एकच विनंती आहे. निदान दहा सेकंद गप्प बसा आणि आम्हाला गाडी ऐकू द्या.' हे आपण दरवर्षी लिहिलंय. दरवर्षी! आणि गप्प बसणारी आली, तर आपण तिला आठ मायनस दिले. माझ्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगाही एवढा ढ नव्हता." त्यांनी नव्या पत्राचे चार तुकडे केले आणि बेकरीवाल्याच्या पिशवीत टाकले.

पेंटर खडू उचलून पत्र्यापुढे उभा राहिला. गुळणीपुढे त्याने आधी एक रेघ ओढली. "फोन चालू ठेवला. नववा मायनस." उस्तादाने मान डोलावली, खरं होतं ते. मग पेंटर थबकला. प्लस लिहायचा कुठे? रकानाच नव्हता. त्याने खडू टाकला, खालच्या फळीवरून लाल ऑइलपेंटचा डबा आणि बारीक ब्रश काढला, पत्र्याच्या उजव्या कडेला एक सरळ रेघ मारली आणि तिच्यापलीकडे दोन फटकाऱ्यांत प्लस काढला. असा सुबक, की नंबरपाटीवर शोभावा.

"हा पुसला जाणार नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात उस्तादाचा फोन वाजला. त्याने घेतला, कानाला लावला, आणि तोंडातून शब्दच फुटेना. डोळे भरून आलेले. आता उस्तादाच्याच तोंडात गुळणी! पेंटरने फोन ओढून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"मामा? किती पडले?"

"पत्र्यावरून बोलतोय," पेंटर कडक आवाजात म्हणाला. "फोन चालू ठेवल्याबद्दल एक मायनस."

ती खळखळून हसली. "बरोबर आहे! वाहिनीचे साहेबही त्यावरूनच झापत होते. बजावलंय त्यांनी, पुढच्या शर्यतीला फोन हॉटेलवर ठेवून यायचं, नाहीतर बघा म्हणून."

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग बाईंनी स्टॉपवॉच सोडून टाळी वाजवली. "पुढच्या शर्यतीला! अहो, पुढच्या म्हणाली ती!" आणि जो गिल्ला झाला तो अर्ध्या शटरखालून गल्लीभर गेला. तिघं एकाच वेळी ओरडून तिला सांगत होते, ऑइलपेंटचं, नव्या रकान्याचं, दहा सेकंदांचं, आणि पलीकडून ती म्हणत होती, "अहो, एकेकाने बोला, काही ऐकू येत नाही."

उस्ताद उठला. लाल गाडीला त्याने किक मारली, पेंटरच्या हातातून फोन घेतला आणि सायलेन्सरजवळ धरला. टर्र टर्र टर्र थुक. टर्र टर्र टर्र थुक. गॅरेजमध्ये सगळे आपोआप गप्प झाले. आणि फोनमधून, त्या पोरीनेही, एक अक्षर काढलं नाही.